बोट कुणी हलवलं?

जयपूर, मिलिटरी क्वार्टर्स
ता. ९ जानेवारी १९८६

चि. हणमंतास आक्काचे आशीर्वाद. तू, चारुलता आणि मुलं ठीक असाल. आता सांग, तुला एवढं शहाणपण कुणी शिकवलं? दिवाळीत मी सरळ विचारलं होतं, लकवा मारलेला तुझ्या दाजींचा हात विजेच्या मशीननं बरा होतो का? हो की नाही, एवढंच लिहायचं. तू दोन पानं खरडलीस. प्रत्येक जिवंत प्राण्यात वीज असते, पूर्वी विलायतेतले डॉक्टर चाकं फिरवून रोग्यांना झटके द्यायचे, अपाय काही नाही, करून बघा. करून बघा म्हणे! वांग्याची भाजी आहे का रे, करून बघायला?

ते पत्र हे शर्टाच्या खिशात घालून फिरतात. येईल त्याला दाखवतात. "माझा मेव्हणा कराडला सायन्सचा मास्तर आहे, त्यानं लिहून दिलंय." म्हणून तुला लिहिते आहे. माझं चौथी पासचं कोण ऐकतो?

मशीन मुरलीपुऱ्यात आहे. ह्यांचा दोस्त सुखदेव आम्हाला तिथं घेऊन गेला. नंदकिशोरजी म्हणून एक माणूस आहे, त्याच्या आजोबाच्या वेळचं मशीन. परातीएवढ्या दोन काचा, त्यावर चांदीच्या कागदाच्या पट्ट्या. दांडा फिरवला की काचा उलट्यासुलट्या फिरतात आणि पितळेच्या गोळ्यांमधून चटकन ठिणगी उडते. तीच वीज तारेनं ह्यांच्या हाताला देतो. इथं थंडीत हवा एवढी कोरडी की अंगावरची घोंगडी ओढली तरी चटचट होतं. पावसाळ्यात मशीन चालत नाही म्हणतो, म्हणून आत्ताच उरकून घ्या. माणूस वाईट नाही. चहा पाजतो. त्याचा त्या मशीनवर खरंच विश्वास आहे, त्याचंच मला जास्त भ्या वाटतं.

तिसऱ्या वेळेला ह्यांचं बोट हललं. अंगठ्याशेजारचं. मी ओरडलेच. घरी येताना पेढे घेतले, सगळ्या लायनीत वाटले. दसऱ्यापासून हा माणूस भिंतीकडं तोंड करून पडायचा, तो त्या दिवशी उठून डाव्या हातानं दाढी करायला बसला. गाल कापून घेतला आणि हसत होता. फेब्रुवारीत मेडिकल बोर्ड आहे, नोकरीत ठेवायचं का ते ठरवणारं. तिथं उजव्या हातानं सॅलूट ठोकणार म्हणतात.

तिळगूळ पाठवणार होते. मन लागलं नाही.

गेल्या सोमवारी परत गेलो. संक्रांत जवळ आली की इथं आभाळभर पतंग. हे दारातून पतंग बघत होते, नंदकिशोरजी दांडा फिरवत होता. ठिणगी पडली, बोट टुणकन उडालं. ह्यांचं लक्षच नाही. मग वळून मला विचारलं, "हललं का गं?"

मला विचारलं, हणमंता. स्वतःचं बोट हलवणारा माणूस बायकोला विचारतो का, हललं का म्हणून?

मी म्हटलं, हललं.

आणि तिथंच मला तुझा बेडूक आठवला. मी बाळंतपणाला घरी आले होते, तू कॉलेजात होतास. बेडकाचे नुसते पाय तांब्याच्या तारेला अडकवून खिडकीच्या गजाला लावलेस आणि त्या पायांनी लाथ मारली. आईनं तुला झाडू घेऊन मागच्या दारानं हाकललं. मी रडायला लागले तर तू बाहेरून म्हणालास, "आक्का, रडू नको, तो मेलाय. त्याला काही कळत नाही. लाथ तो मारत नाही, वीज त्याच्याकडून मारून घेते." तुला आठवत नसेल. मला आठवतं.

घरी आल्यावर म्हटलं, आता मशीन नसताना हलवून दाखवा. ह्यांनी दात आवळले, कपाळावर घाम आला. बोट तसंच. म्हणाले, आज गारठा आहे.

एवढंच असतं तर मी गप्प बसले असते. चार दिवस खुश राहिले तर राहू देत. पण मोगऱ्याची कुंडी उकरली तर मातीत गोळ्या सापडल्या. ब्लडप्रेशरच्या. मिलिटरी हॉस्पिटलच्या डॉक्टरनं बजावलं होतं, एक दिवस चुकली तर लकव्याचा दुसरा झटका येईल आणि मग उठता येणार नाही. मी विचारलं तर म्हणाले, "नंदकिशोरजी बोलला, दवा और बिजली साथ नहीं चलती." म्हणजे पहिल्या वेळेपासून गोळ्या बंद आहेत. आणि डॉक्टरनं त्या हातानं दाबायला दिलेला रबरी चेंडू कपाटावर. काल नाकातून रक्त आलं. उशीवर होतं. म्हणे थंडीनं आलं.

मी भांडले. तर खिशातून तुझं पत्र काढून माझ्यापुढं धरलं. "हे वाच. अपाय काही नाही."

डॉक्टरला सांगायला उद्या मी जाणार आहे, ह्यांनी जीव गेला तरी सांगू नको म्हटलंय तरी. पण डॉक्टर गोळी हातावर ठेवील, घशाखाली घालणार नाही. ती तुझ्या पत्रानंच जाईल. तेव्हा ह्यांच्या नावानं पत्र लिही. मोठ्या अक्षरात, ह्यांना एका डोळ्यानं अंधुक दिसतं. अणू, परमाणू नको. बेडूक लिही. गोळ्या घ्या, चेंडू दाबा, हे लिही. आणि मास्तर म्हणून सही कर.

मला वेगळ्या चिठ्ठीवर लिही. जिवंत बेडूक स्वतःची वीज स्वतः बनवतो, असं तू म्हणाला होतास. मग ह्यांची कुठं अडली? ती परत येते का? ह्या वेळेला दोन पानं नको. हो की नाही.

सोमवारी वीस तारखेला परत मुरलीपुऱ्याला जायचं ठरलंय. तुझं पत्र शनिवारी, अठराला, ह्यांच्या हातात पडलं पाहिजे. डाव्या हातात.

तुझी आक्का
मालन