गप्प केलेल्या पेशी

सर, तुम्ही गेलात त्याला बरीच वर्षं झाली. मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. पण तुम्ही जिवंत होतात तेव्हा अकोल्यात तुमच्याबद्दल वाईट बोलायची कोणाची टाप होती? म्हणून आता लिहितेय.

कापसानं दगा दिलेली ती वर्षं. शेळ्या-म्हशींनी तरी घर सावरावं असं जो तो म्हणत होता, आणि उन्हाळ्यात जनावरं माजावरच येत नव्हती. त्यावरचा प्रकल्प तुम्हाला मिळाला, त्यात मी पीएच.डी. करत होते. रोज सकाळी मी खाटीकचाचांच्या दुकानी जायची. बकरीच्या मेंदूच्या बुडाशी पीयूषिका नावाची इवलीशी ग्रंथी असते, ती मी बर्फात घालून आणायची. "बेटी, एवढ्याशा दाण्यात काय पाहून राहिली तू?" चाचा विचारायचे. मी सांगायची, मेंदूचा हार्मोन निरोप घेऊन येतो, मग हा दाणा आपला हार्मोन सोडतो, आणि तेव्हा कुठे अंडाशय जागं होतं. "मंग निरोप पोचून नाही राहिला का?" ते म्हणायचे, आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळायचे.

त्या दाण्यातल्या पेशी मी प्रयोगशाळेत काचेच्या बशांमध्ये वाढवायची, आणि तिथे निरोप खरंच पोचत नव्हता. मेंदूचा हार्मोन टाकला तरी पेशी ढिम्म. त्याला कारण तुमचा नियम. भारनियमनात इन्क्युबेटर बंद पडायचा, पेशी मरायच्या. तुम्ही ठरवून टाकलंत की ऑक्सिजनचे चवताळलेले रेणू त्यांना मारतात, तेव्हा त्या रेणूंचा नायनाट करणारी पांढरी पूड प्रत्येक बशीत पडलीच पाहिजे. देवाला हळदकुंकू वाहावं तशी आम्ही ती वाहत होतो. आणि पेशी गप्प राहिल्या की तुम्ही सगळ्यांसमोर म्हणायचात, "तुमच्या हातालेच गुण नाही, मॅडम. घरी जा अन् म्हशीले सरकी घाला." तुमचे चमचे खो खो हसायचे.

एकदा पूड संपली. ताज्या ग्रंथी बर्फात होत्या, त्या काय फेकून देऊ? मी तसाच प्रयोग लावला. पेशींनी हार्मोन सोडला, भरपूर सोडला. नवी पूड आल्यावर मी दोन्ही प्रकारच्या बशा शेजारी शेजारी लावल्या. पुडीच्या गप्प, बिनपुडीच्या बोलक्या. मी धावत तुमच्या खोलीत येते. तुम्ही पेपर वाचताय. मी म्हणते, सर, ते रेणू थोडे लागतात बहुतेक. निरोप पेशीच्या आत तेच नेत असतील, आणि आपण त्यांनाच मारतोय. तुम्ही माझ्या कागदांकडे बघतसुद्धा नाही. "विष हाय ते. विषानं कोणाचं भलं होते काय? बशी घाण झाली असन तुमची." मग उठता आणि माझ्या सगळ्या बशा बेसिनमध्ये ओतता. नियम मोडणाऱ्या बाईच्या प्रबंधावर सही करणार नाही म्हणालात, आणि तो शब्द मात्र पाळलात.

मी दर्यापूरला कनिष्ठ महाविद्यालयात बेडूक शिकवत बसले. आता ते सगळं छापून आलंय, सर. हार्मोन येऊन टेकला की पेशी स्वतःच ते रेणू जरासे बनवते, आणि त्यांच्यामुळेच पुढची साखळी हलते. फार झाले की मारतात, हेही खरं. थोडं आणि फार यातला फरक मिठाच्या बाबतीत आमच्या घरातल्या पोरीलाही कळायचा. तुम्ही प्राध्यापक होतात.

तुमच्या शोकसभेला मी गेले होते. एक जण तुम्हाला व्रतस्थ संशोधक म्हणाला. व्रतस्थ कसले, हट्टी आणि आळशी! दुसऱ्याचा कागद वाचायचाही कंटाळा. तिथे मला रडू फुटलं, आणि लोकांनी मला पाणी आणून दिलं. त्यांना वाटलं, केवढी गुरुभक्ती.

हे पत्र कुठे टाकायचं नाही. माझं बरोबर होतं हे आज कोणीही सांगेल. पण मला ते कोणाकडूनही नको आहे. माझी बशी घाण नव्हती, माझ्या पेशी खरंच बोलल्या होत्या, हे मला अजूनही तुमच्याच तोंडून ऐकायचं आहे.