पूर्वेच्या शेजाऱ्याचा रकाना

१ सप्टेंबर, सोमवार. सकाळी ९.४०

आजपासून रोजनिशी. कारण महिना ऐतिहासिक आहे. मोठ्या साहेबांनी केबिनमध्ये बोलावून (बसा म्हणाले नाहीत, पण खुर्चीकडे पाहिलं) शब्द दिला की, पुस्तिका तीस तारखेच्या आत छापायला गेली तर माझी बदली पक्की. बदली म्हणजे हिच्या गावी. ही तिथल्या सरकारी इस्पितळात नर्स, मुलगी तिथेच सहावीत, आणि मी इथे तुलना कक्षात सात वर्षं. आलो होतो सहा महिन्यांसाठी. तिथल्या ऑफिसातली जागा एक ऑक्टोबरला रिकामी होते आहे. त्या दिवशी मी हजर झालो नाही तर ती दुसऱ्याला जाणार. तो दुसरा तिशीचा आहे. म्हणजे जागा माझ्या हयातीत तरी गेलीच.

पुस्तिकेचं नाव ‘आपण आणि आपले शेजारी’. चार शेजारी देश, बारा तक्ते. कोणाचं उत्पन्न किती, महागाई किती, कर्ज किती, आणि सरकार शाळांवर, इस्पितळांवर, रस्त्यांवर किती खर्च करतं. मला दहा दिवस पुरेत. उरलेल्या वीस दिवसांत सामान बांधीन.

हिला फोन केला. म्हणाली, हे तुम्ही गेल्या वर्षीही म्हणाला होतात. मी म्हटलं, गेल्या वर्षी रोजनिशी नव्हती.

२ सप्टेंबर, मंगळवार

संकल्प: रोज दोन तक्ते. चहा फक्त दोनदा. कोणाशी वाद नाही.

सकाळचा वेळ दारात गेला. आमच्या कक्षाच्या दाराची आतली मूठ चार वर्षांपूर्वी निखळली. दार लागलं की आतून उघडत नाही, म्हणून टायपिस्टबाई फटीत जनगणनेचा जाड खंड सरकवून ठेवतात. आज कोणीतरी तो खंड वाचायला नेला. (वाचायला! या ऑफिसात!) दोन तास आम्ही दोघं आत. बाई स्वेटर विणत बसल्या. मी दार बडवून ओरडलो. बाई म्हणाल्या, ओरडू नका, जेवणाच्या सुट्टीत कोणालातरी आपली आठवण येईल. आली नाही. शेवटी झाडूवाला आला.

तक्ते: शून्य. पण मनातल्या मनात आखणी पक्की झाली.

४ सप्टेंबर, गुरुवार

तीन तक्ते झाले! हाताचा वेग अजून कायम आहे. घोडं अडलंय ते फक्त तक्ता क्रमांक नऊवर. सरकारचा आरोग्यखर्च, पूर्वेच्या शेजाऱ्याचा रकाना. त्यांचे आकडे कधीच वेळेवर येत नाहीत. दरवर्षी मी तिथे माझी सान्निध्य पद्धत वापरतो. म्हणजे आपला आकडा घ्यायचा आणि त्यातून थोडा कमी करायचा. शेजारी शेजारी राहणारे देश, हवापाणी एक, आजार एक, खर्च असून असून किती वेगळा असणार? सात वर्षांत एकानेही हरकत घेतलेली नाही. यालाच मी शास्त्रीय मान्यता म्हणतो.

पण यंदाची पुस्तिका माझी शेवटची. यंदा खरा आकडा घालायचा. लोकांनी म्हटलं पाहिजे, गेला पण काम चोख करून गेला. तिकडच्या आकडेवारी खात्याला ईमेल पाठवली.

८ सप्टेंबर, सोमवार

उत्तर नाही. वाट पाहणं हेही कामच आहे.

संध्याकाळी हिचा फोन. इस्पितळात निम्म्या खाटा बंद केल्यात म्हणे, तरी नर्सना डबल ड्युटी, कारण नर्सेस त्याहून कमी केल्यात. पाय सुजतात. मग अचानक विचारलं, पूर्वेकडच्या देशात नर्सना पगार किती असतो हो, तुमच्या पुस्तकात असेल ना? सात वर्षांत पहिल्यांदा तिनं माझ्या कामाबद्दल काही विचारलं! ऊर भरून आला. लगेच तक्ता सात पाठवला, तळटीपांसकट. नर्सना तिथे आपल्या दुप्पट. (हा आकडा खरा आहे. पगाराचे आकडे ते देतात.) तिनं अर्ध्या तासात उलट विचारलं की घर मिळतं का, सुट्ट्या किती. अशी जिज्ञासू बायको नशिबानंच मिळते.

११ सप्टेंबर, गुरुवार. दुपारी १.१५

पूर्वेहून उत्तर आलं.

तिथले गृहस्थ फारच सभ्य. लिहितात की आपली पुस्तिका आमच्याकडे दरवर्षी आरोग्यमंत्र्यांच्या टेबलावर असते. आम्ही शेजाऱ्याच्या जरासे मागे आहोत हे त्यात वाचून ते दरवर्षी संतापतात आणि खर्च वाढवतात. गेली सात वर्षं असंच चाललंय. सोबत खरा आकडा जोडला आहे. आपले आभार मानावेत तितके थोडेच.

आकडा आपल्या अडीचपट आहे.

आणि आपल्याकडे? आपण पुढेच आहोत हे माझ्याच पुस्तिकेत वाचून दरवर्षी थोडा थोडा खर्च कापत आणला. जुन्या फायली काढून पाहिल्या. कपातीच्या प्रत्येक टिपणात माझा तक्ता नऊ जोडलेला आहे. म्हणजे माझ्या कामाचा दोन्ही देशांवर खोल परिणाम झाला. एका संशोधकाला आणखी काय हवं? तरी दुपारचं जेवण गेलं नाही.

१५ सप्टेंबर, सोमवार

खरा आकडा साहेबांसमोर ठेवला. साहेबांनी चष्मा काढला, पुसला, घातला. आकडा तोच होता. म्हणाले, आपण मागे दिसता कामा नये. मी म्हटलं, मग यंदाही सान्निध्य पद्धत लावतो. तर म्हणाले, आता ते जमणार नाही, त्यांनी प्रत मलाही पाठवली आहे. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

मात्र माझ्यावर पूर्ण विश्वास असल्याचं साहेब म्हणाले. तुम्ही अडकवलंय, तुम्हीच सोडवा, असे त्यांचे शब्द.

१७ सप्टेंबर, बुधवार

उपाय सापडला! खर्च माणशी काढायचाच नाही. दर चौरस मैली काढायचा. काढला. आणखी मागे गेलो. मग दर डॉक्टरमागे काढला. त्यात आपण पहिले, कारण डॉक्टरच उरले नाहीत. साहेबांना आवडलं, पण म्हणाले, एखाद्यानं कारण विचारलं तर?

हिनं दोन कागद सहीसाठी पाठवले. बहुतेक शाळेचे, मुलीसाठी पालकांची संमती वगैरे. पहिल्यावर सही केली. दुसऱ्यावर भलतेच प्रश्न. सध्याची नोकरी काय? गरज पडल्यास सोडायला तयार आहात का? शाळेला काय करायचंय? ठसठशीत अक्षरात लिहिलं, ‘मुळीच नाही. माझ्यावाचून कक्ष चालणार नाही.’ वरचा मजकूर वाचायला वेळ नव्हता. डोक्यात तक्ता नऊ.

२२ सप्टेंबर, सोमवार

आठ दिवस राहिले. सामान बांधायला घेतलं आणि पुन्हा सोडलं, कारण टॉवेल खाली गेला होता. वसतिगृहाच्या या खोलीत पलंगावरून न उठता तिन्ही भिंतींना हात लागतो. सात वर्षं. पहिल्या दिवशी बॅग उघडलीच नव्हती, आता इथून निघायचंच आहे म्हणून.

टायपिस्टबाई म्हणाल्या, खरा आकडा लिहा आणि मोकळे व्हा, फार तर काय होईल, साहेब ओरडतील. बाईंना बदली नकोय, त्यांना हे सुचतं. खरा आकडा लिहिला तर साहेब पुस्तिका अडवतील, पुस्तिका अडली की बदली अडली. दुसऱ्याच्या जात्यावर बसून ओव्या गायला काय जातं!

२४ सप्टेंबर, बुधवार. सायंकाळी ६

हिचा फोन. नीट लिहून ठेवतो.

म्हणाली, पूर्वेकडच्या इस्पितळात माझी निवड झाली आहे. राहायला घर देताहेत. मुलीला तिथल्या शाळेत जागा मिळाली. अठ्ठावीसला निघायचं. दुसरा कागद शाळेचा नव्हता, तो तुमचा होता, कुटुंबासोबत येणाऱ्या नवऱ्याचा. तुम्ही त्यावर मुळीच नाही असं लिहिलंत. मी तो कागद दोनदा वाचला, असंही म्हणाली. मग म्हणाली, सत्तावीसपर्यंत स्वतः येऊन सही केलीत तर बदलता येतो, मी विचारून ठेवलंय. याल ना?

मी म्हटलं, अगं, एक तारखेलाच तर मी कायमचा येतोय. तीन दिवसांसाठी काय घाई? ती म्हणाली, एक तारखेला आम्ही इथे नसू.

हे दबावतंत्र आहे. हिचं जुनंच आहे. लग्नानंतर एकदा माहेरी जाते म्हणाली होती, आणि कोपऱ्यावरच्या दुकानातून परत आली होती. शिवाय मी इथे अडकून पडलोय तो कोणासाठी? तिच्याजवळ राहता यावं म्हणूनच ना? एवढं साधं गणित तिला दिसत नाही.

मुलगी फोनवर आली. बाबा, तिथे शाळेत पोहायचा तलाव आहे, तुमच्या तक्त्यात होता का? नव्हता. शिक्षणखर्चाच्या एकूण आकड्यात धरलेला असतो, असं मी तिला समजावलं. ती हो म्हणाली.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

ठरलं. उद्या पहाटेच्या बसनं जायचं, सही करायची, संध्याकाळी परत. तिला वाटू नये की मी घाबरलो. सहज आलो, असं दाखवायचं. साहेबांना सांगायचं नाही.

दुपारी ४. युरेका! (हा शब्द मी क्वचित वापरतो.) नकाशा पाहताना लक्षात आलं की पूर्वेच्या देशाला आपली सीमा लागतच नाही. मध्ये नदी आहे! सीमा नदीला लागते. काटेकोर पाहिलं तर ते आपले शेजारी नाहीतच. रकाना गाळला की तक्ता नऊमध्ये आपण पहिले. साहेबांकडे धावलो. साहेब खुर्चीतून उठले. सात वर्षांत माझ्यासाठी पहिल्यांदा. म्हणाले, बाराही तक्त्यांतून उडवा, उद्या प्रूफ तपासा, रविवारी अंतिम पानं, सोमवारी छपाई.

उद्या? साहेबांना म्हटलं, उद्या जरा बाहेरगावी. साहेब म्हणाले, तसं असेल तर त्या तिशीच्या पोराला सांगतो, तो तपासेल. नको, नको, म्हटलं.

२७ सप्टेंबर, शनिवार

बारा तक्ते, एकशे चव्वेचाळीस ओळी, दहा चुका. ऑफिस पाचला बंद होतं. हिच्या गावातलं, जिथे सही करायची ते ऑफिसही पाचलाच. पाच वाजून दोन मिनिटांनी घड्याळ पाहिलं.

काही बिघडत नाही. ती जाणार नाही. डबल ड्युटीची सवय झालेली बाई आहे.

२९ सप्टेंबर, सोमवार

पुस्तिका छापायला गेली. जिंकलो.

काल सकाळी मुलीचा फोन येऊन गेला, मी शेवटची पानं लावत होतो, उचलता आला नाही. नंतर लावला तर बंद. चार्जिंग नसेल.

बदलीचा आदेश टाइप होताना मी दूरदृष्टीनं स्वतःच साहेबांना सुचवलं की, मला पाच वर्षं त्या गावातून हलवू नये आणि राजीनामाही घेऊ नये, अशी अट घाला. न जाणो, पुन्हा कोणी तुलना कक्षात आणायचा! साहेब म्हणाले, विचार करा. मी म्हटलं, केलाय. साहेबांनी सही केली, मीही केली, दोन प्रतींवर.

टायपिस्टबाईंनी निरोपाला स्वेटर दिला. बाहीला जरा लांब आहे. बाई काहीतरी विचारणार होत्या, पण मग नीट जा एवढंच म्हणाल्या.

१ ऑक्टोबर, बुधवार

सकाळी दहाला हजर झालो. वेळेवर. तिशीच्या पोराचा चेहरा पाहण्यासारखा झाला असेल, पण तो इथे नव्हता.

संध्याकाळी इस्पितळाच्या क्वार्टरवर. कुलूप. शेजारच्या सिस्टर बाहेर आल्या. म्हणाल्या, रविवारीच गेल्या, तुम्हाला माहीत नव्हतं? मी म्हटलं, माहीत होतं, चौकशीला आलोय. त्यांनी मला बसायला स्टूल आणून दिलं. क्वार्टर शुक्रवारपर्यंत रिकामं करायचंय म्हणाल्या, नव्या नर्ससाठी. मग स्वतःच म्हणाल्या, नवी कुठून येणार म्हणा.

सात वाजता हिचा फोन आला. नीट पोचलो म्हणाली. आवाजात थकवा नव्हता, तेच मला फार लागलं. मी बदली झाल्याचं सांगितलं. ती अभिनंदन म्हणाली, आणि ते मनापासून होतं. मग हळूच म्हणाली, राजीनामा देऊन या, कागद पुन्हा भरता येतो का ते इथे विचारते. मी तिला पाच वर्षांची अट सांगितली. कोणी घातली, असं तिनं विचारलं. मी आवाज येत नाही म्हणालो. आवाज छान येत होता.

मला त्यांची आठवण येते. हे कोणत्या तक्त्यात लिहायचं ते कळत नाही, म्हणून इथे.

ऑफिसात आज पुस्तिकेची पहिली प्रत आली होती. सुबक झाली आहे. संपूर्ण चाळली, शेवटच्या सूचीसकट. ही आणि मुलगी ज्या देशात आहेत, तो त्यात कुठेच नाही.