अकरा एकांचा आकडा

६ जून, शुक्रवार

आकडा आला! अकरा एक, शेजारी शेजारी. अकरा अब्ज अकरा कोटी अकरा लाख अकरा हजार एकशे अकरा. नवरोबांनी दक्षिण बेटावरून, नोकरीच्या गावाहून, हॉर्नबीहून पाठवलाय. खाली नेहमीचंच — फोड बघू.

लग्नाआधीपासूनची आमची रीत. भांडण मिटेना की एकाने आकडा द्यायचा, दुसऱ्याने हाताने भागत बसायचं. कॅल्क्युलेटर नाही, काही नाही. फुटला, म्हणजे पूर्ण भाग गेला, तर देणारा हरला. सोफ्याचा रंग, इराचं नाव, सगळं असंच ठरलं. या वेळी मात्र फार मोठं पणाला लागलंय. फुटला तर सारंग तिथली नोकरी सोडून इथे रोटोटुनाला, घरी परत. नाही फुटला तर मी फार्मसी सोडून, इराला घेऊन तिकडे. सहा महिने फोनवर संसार चाललाय. कंटाळले.

८ जून

आधी वाटलं, अकरा ही मूळ संख्या, म्हणजे अकरा एकांचा आकडाही मूळच असणार. मग तीन एक घेऊन पाहिले — तीन गुणिले सदतीस. पाच एक — एक्केचाळीस गुणिले दोनशे एकाहत्तर. फुटतात की! बावळट मी.

११ जून

तेवीसने भागलं. दहा उरले.

१४ जून

वाट सापडली. याला भाग जायचाच तर अशाच मूळ संख्येने जाईल, जिला बावीसने भागलं की एक उरतो. बाकीच्या सगळ्या बाद! तेवीस, सदुसष्ट, एकोणनव्वद, एकशे नव्व्याण्णव... दिवसभर हेच डोक्यात. बाहेर धुकं, समोरचं घरसुद्धा दिसत नव्हतं. दुकानात एका आजोबांच्या गोळ्या दोनदा मोजाव्या लागल्या.

२० जून, मातारिकीची, माओरी नववर्षाची सुट्टी

पहाटे स्वप्न पडलं. अकरा एक धुक्यात उभे, कुरणाच्या कुंपणासारखे. मी हात लावत लावत चाललेय, कुठे फट आहे का बघत. फट नव्हती. आणि मला इतकं बरं वाटत होतं!

इराने नाश्त्याला विचारलं, बाबा कधी येणार. म्हटलं, भागाकार चालू आहे. "दॅट्स हीप्स ऑफ भागाकार, आई," म्हणाली.

२७ जून

दहा हजारांच्या पुढे गेले. फुटत नाही. खात्री करायची तर एक लाख पाच हजारांपर्यंत जावं लागेल. पेन ठेवून दिलं.

मला तो फुटायला नकोच आहे. फार्मसी सुटेल, हे घर सुटेल, रडू येतंय. पण सारंग नसलेल्या घरात मला आता राहवत नाही. उद्या सांगणार — नाही फुटला, आम्ही येतोय. लबाडी तर लबाडी.

२८ जून

सांगितलं. तर सारंग म्हणाला, "नीलू, एकवीस हजार सहाशे एकोणपन्नासने भागून बघ. मी हरायलाच दिला होता."