आमासीला कुणी परकं नाही

७ मे

आमासी पास झाला. आणि मला मेलीला धड आनंदही होईना.

आजाऱ्यांना भेटवायला कुत्रे नेणाऱ्या बुलेल्वाने चर्चच्या हॉलमध्ये परीक्षा घेतली. एका बाकावर शिकलेली मैत्रीण, पण सवलत शून्य. त्याच्या पाठीमागे पत्र्याचं घमेलं आपटलं – त्याने वळून पाहिलं, घमेलं हुंगलं, बसला. चाकाची खुर्ची अंगावर आणली. कान ओढले, शेपूट दाबली, एका अनोळखी बाईने गळ्यात घट्ट मिठी मारली. मटणाचा तुकडा समोर टाकून "राहू दे" म्हटलं, तर शिवला नाही. शेवटी मला बाहेर पाठवलं. दवाखान्यात न्यायचा कुत्रा मालकिणीवाचून रडता कामा नये म्हणे. मी दाराच्या फटीतून पाहत होते. रडणं राहिलं बाजूला, त्याने दाराकडे मानसुद्धा वळवली नाही!

"शांत कुत्रे खूप मिळतात, सिसी," बुलेल्वा म्हणाली; बहिणीला म्हणावं तसं ती मला सिसी म्हणते. "हा परक्या माणसाकडे आपणहून जातो. ते शिकवून येत नाही."

माझा नवरा झ्वेलिन्झिमा दुसऱ्या बाईसाठी घर सोडून गेला, तेव्हा आणलं हे पांढरं पिल्लू. आल्या आल्या आंबट दुधाच्या भांड्यात तोंड घातलं, म्हणून नाव आमासी. माझं म्हणावं असं घरात तेवढंच उरलं होतं.

१४ मे

आज पहिल्यांदा गेलो. गावाबाहेरचा तो दवाखाना – जिथून सहसा कुणी घरी परत जात नाही.

बायकांच्या खोलीत आमासीने सगळ्यांना जिंकलं. मग पुरुषांची खोली. खिडकीजवळच्या खाटेवर माझा नवरा.

पाय काठ्यांसारखे. साखरेने डोळे गेलेले. आमासी सरळ त्याच्याकडे गेला आणि त्याच्या तळहातावर हनुवटी ठेवली. मी पट्टा ओढला. हलला नाही. पुन्हा ओढला, तर त्याने डोळे मिटून घेतले.

"कोण आलंय?" झ्वेलिन्झिमाने विचारलं.

"कुत्रा आहे, भावजी," बुलेल्वा म्हणाली. "बरोबर आमच्यातली एक बाई आहे."

एक बाई!

गाडीत कळलं – बुलेल्वा कधीपासून त्याला सूप नेऊन देते आहे.

"मला सांगावंसं वाटलं नाही तुला?"

"सांगितलं असतं तर आली असतीस?"

"आणि त्याची ती कुठे आहे?"

"दुखणं वाढलं तशी गेली निघून."

हे ऐकून बरं वाटायला हवं होतं. नाही वाटलं.

१५ मे

आमासीला खायला घातलं. बोलले नाही.

२१ मे

बुलेल्वा फाटकाशी आली. तो कुत्र्याची वाट पाहतोय म्हणे. कुत्र्याची!

"माझा कुत्रा त्याच्यासाठी नाही," मी म्हणाले.

"सिसी, तो माणूस तुझ्याशी कसा वागला, हे आमासीला कसं कळावं? कळत नाही म्हणून तर तो या कामाचा."

"मग त्यालाच ने. मी नाही येणार."

आमासी टुणकन उडी मारून तिच्या गाडीत बसला. एकदाही मागे पाहिलं नाही. नवरा गेला तेव्हा निदान फाटकाशी थांबून टोपी तरी सारखी केली होती.

संध्याकाळी परत आला, तर अंगाला त्या खोलीचा वास. दोनदा धुतला.

२८ मे

शेवटी मीच गेले. आमासीने त्याच्याकडे काय काय पोचवावं, काय आणावं, आणि मी घरी बसावं – ते सहन होईना.

खाटेच्या पायथ्याशी उभी राहिले. अवाक्षर काढलं नाही. आवाज ओळखला असता त्याने.

तो आमासीचे कान चोळत होता. हळूच म्हणाला, "माझ्या बायकोला फार हौस होती तुझ्यासारख्याची. मी आणू दिला नाही. घर घाण होईल म्हणायचो. आणि घाण केली कुणी? मी." मग त्याचा कान जवळ ओढून, "तिला सांगू नकोस हं."

मी खिडकीबाहेर बघत राहिले. इतक्या वर्षांत माझ्यासमोर कधी म्हणाला नाही, ते कुत्र्याला म्हणाला. तरी आतलं काहीतरी सैल झालं. निदान हे खरं असणार. कुत्र्याशी कोण खोटं बोलेल?

घरी आल्यावर आमासीला जवळ घेतलं. तो घोरायला लागला.

४ जून

आज निघताना तो म्हणाला, "पुढच्या वेळी खुर्ची घेऊन बस, मामतोलो. उभी किती राहशील?"

मामतोलो. माझ्या माहेरच्या कुळाचं नाव. तो मला याच नावाने हाक मारायचा.

बुलेल्वा खाली मान घालून उभी होती. गाडीत तिने कबूल केलं – मी येणार आहे, हे मी पहिल्यांदा गेले त्याच्या आधीच तिने त्याला सांगून ठेवलं होतं. म्हणजे कुत्र्याशी केलेलं ते सगळं बोलणं मला ऐकवायलाच होतं. खरं की खोटं, आता कसं ठरवू?

त्या खोलीत मला न फसवणारा एकटा आमासीच होता.