एक हजार चोवीस

नांदेड, ८ जून

प्रिय वर्षा,

तू बाळाला घेऊन धर्माबादला नीट पोचलीस, हे अक्कानं फोनवर सांगितलं. मुदखेडला गाडी बदलताना तुझी ओढाताण झाली असेल. मी तिथपर्यंत सोबत येतो म्हणालो होतो आणि ऐनवेळी ऑफिसचं काम निघालं म्हणून राहिलो. काम काहीच नव्हतं. तिथल्या बाकावर तुझ्याशेजारी तासभर बसायची माझी हिंमत झाली नाही. फोन केला असता तर तू सवयीनं "जाऊ द्या की मामा" म्हणाली असतीस, आणि मीही लगेच जाऊ दिलं असतं. म्हणून लिहितोय. अक्षर वाईट आहे. गेल्या कित्येक वर्षांत सहीशिवाय काही हातानं लिहिलेलं नाही.

तू नववीत होतीस तेव्हा अक्काचं पोटाचं ऑपरेशन झालं. अकरा दिवस तू नांदेडला वॉर्डात आईच्या उशाशी होतीस. मी डबा घेऊन यायचो तर तू शेजारच्या खाटेवरच्या म्हातारीला पाणी पाजत असायचीस. तिथल्या सिस्टरनं तुला ताप बघायला शिकवलं होतं, आणि तू वहीच्या मागच्या पानावर सगळ्या वॉर्डाचे ताप लिहून ठेवायचीस. डॉक्टर व्हायचंय का, असं तुझ्या बाबांनी गमतीनं विचारलं. तू म्हणालीस, नाही, सिस्टरच. पुढं लातूरला होस्टेलवर राहून बारावी केलीस तीही त्याच एका हट्टापायी. तिथलं पाणी दिवसाआड यायचं, वरण पातळ असायचं, पण तुझी एकदाही तक्रार आली नाही.

लातूरच्या ज्या संस्थेत तुला नर्सिंगला जायचं होतं, तिच्या प्रवेशाची साइट आमच्या ऑफिसच्या सर्व्हरवर चालायची, हे तुला ठाऊक होतं. तू मैत्रिणींना अभिमानानं सांगायचीस की माझा मामाच ती सांभाळतो. सांभाळणं म्हणजे नेमकं काय, हे मी तुला कधी सांगितलं नाही. आज सांगतो, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

आमचा सर्व्हर युनिक्सवर चालतो. तिथं प्रत्येक गोष्ट उघडी फाइल म्हणून मोजली जाते. एखादी मुलगी साइटवर आली की एक, तिनं फोटो चढवला की आणखी एक. एका प्रोग्रामनं एका वेळी किती फाइली उघड्या ठेवायच्या याला मर्यादा असते. आपोआप मिळते ती एक हजार चोवीस. तेवढ्या भरल्या की पुढच्याला आत घेता येत नाही, अर्ज कितीही नीट भरलेला असो. त्यात आमच्या प्रोग्राममध्ये एक खोट होती. चढवलेला फोटो तो उघडायचा आणि बंद करायचा विसरायचा. म्हणजे गर्दी ओसरली तरी आकडा उतरायचा नाही.

अर्ज सुरू व्हायच्या आधी ही मर्यादा मी पासष्ट हजारांवर नेली होती. तपासलीही होती. माझ्या स्क्रीनवर नवा आकडा दिसला आणि मी निवांत झालो. पण मी ज्या फाइलीत आकडा बदलला ती फक्त आमच्यासारख्या लॉगिन करणाऱ्या माणसांना लागू होते. मशीन सुरू होताना आपोआप उठणारा प्रोग्राम ती वाचतच नाही. त्याची मर्यादा त्याच्या स्वतःच्या फाइलीत लिहावी लागते. माझ्याबरोबर काम करणारी सिंधु पहिल्याच दिवशी म्हणाली होती, की सर, चालू प्रोग्रामची मर्यादा एकदा बघून घ्या. एका ओळीची कमांड आहे. मी म्हणालो, झालंय ते. वीस वर्षं हेच काम करतोय, आणि परवा लागलेली पोरगी मला सांगणार, असं मनात आलं. खरं ते लिहितो.

अर्जाच्या शेवटच्या आठवड्यात साइट सारखी अडायला लागली. मी प्रोग्राम बंद करून परत चालू करायचो, सगळ्या उघड्या फाइली सुटायच्या, अर्धा-पाऊण तास बरं चालायचं, मग पुन्हा तेच. मला वाटत होतं लाइनच कमी पडतेय. बुधवारी दुपारी तुझा फोन आला. मी नुकताच प्रोग्राम पुन्हा चालू केला होता, त्यामुळं माझ्या स्क्रीनवर साइट झटक्यात उघडली. तू म्हणालीस, "मामा, फोटो चढंनाच झालाय. मी नांदेडला येऊ का? तिथं बसून भरते."

"कशाला येतीस? माझ्याकडं चालू हाय. तुझंच नेट बघ," असं मी म्हणालो आणि फोन ठेवला.

फोन स्पीकरवर होता आणि तुझे बाबा शेजारी होते, हे मला नंतर कळलं. ते म्हणाले, मामा म्हणतोय चालू हाय, म्हणजे तूच कायतरी चुकून राहिलीस. तू परत मोबाइलवर बसलीस. गुरुवारी ते तुला तुमच्या हिमायतनगरातल्याच फॉर्म भरायच्या केंद्रावर घेऊन गेले, तिथल्या रांगेत चार वाजले, तिथूनही फोटो चढला नाही, आणि पाच वाजता अर्ज बंद झाले.

पाच वाजून वीस मिनिटांनी मी सिंधुनं सांगितलेली कमांड दिली. समोर आकडा आला, एक हजार चोवीस. दुरुस्तीला चार मिनिटं लागली. त्यानंतर ती साइट कधीच अडली नाही.

इथवर ती चूक होती, वर्षा. चूक माणसाकडून होते, आणि ती निस्तरताही आली असती. दुसऱ्या दिवशी संस्थेनं विचारणा केली. बऱ्याच मुलींचे फोन आले आहेत, बिघाड तुमच्याकडचा असेल तर तसं लेखी द्या, आम्ही दोन दिवस मुदत वाढवतो. आमचे साहेब शिवशंकर माझ्या टेबलाशी आले आणि म्हणाले, "दयानंद, तुला काय वाटतं ते लिही. सही तुझीच जाईल." त्यांनी दाबही टाकला नाही. मी दहा मिनिटं बसलो. मग लिहिलं की सर्व्हर व्यवस्थित चालू होता, अर्जदारांच्या बाजूला नेटची अडचण असावी. खाली सही केली. सिंधुनं तो कागद वाचला आणि परत टेबलावर ठेवला. दोन महिन्यांनी ती पुण्याला निघून गेली.

मुदत वाढली नाही. यादी लागली तेव्हा मी ती उघडून पाहिली. शेवटच्या मुलीला तुझ्यापेक्षा नऊ गुण कमी होते.

पुढच्या वर्षी पुन्हा भरू, असं अक्का म्हणत होती. पण जिला फॉर्म वेळेवर भरता येत नाही ती परगावी काय राहणार, हे वाक्य तुमच्या घरात रुजलं होतं. उन्हाळ्यात धर्माबादचं स्थळ आलं. मी तुझ्या लग्नात अक्षता वाटल्या. मामा म्हणून अंतरपाटही धरला. जावई चांगले आहेत, तुझं बरं चाललंय, असं मी तीन वर्षं स्वतःला सांगत आलो. तुझ्या सासूबाईंच्या पायाची जखम तू रोज धुऊन बांधतेस आणि ती भरत आली, हे गेल्या दिवाळीत कळलं तेव्हा मला जेवण गेलं नाही.

आता हे आजच का लिहितोय ते सांगतो. मागच्या रविवारी धाकट्या दीपाच्या निकालाचे पेढे खायला आपण सगळे हिमायतनगरला जमलो होतो. तुझे बाबा खुशीत होते. दीपाला म्हणाले, फॉर्म पहिल्याच दिवशी भर, ताईसारखं ऐनवेळेपर्यंत लोळत बसू नको. मला वाटलं तू चिडशील, निदान उठून आत जाशील. तू बाळाच्या तोंडाला लागलेला पेढा पुसलास आणि हसत म्हणालीस, "हाव, माझीच चूक झाली तवा. लई उशीर केला मी." कुणाला दुखवू नये म्हणून तू ते बोलली नाहीस. तुला ते खरंच वाटतंय. मी तिथं हातात पेढा धरून बसलो होतो आणि तेव्हाही गप्प राहिलो. सोबत सहा कागद आहेत. सर्व्हरच्या त्या आठवड्याच्या नोंदी आहेत, त्या मी सही केली त्याच दिवशी काढून घरी आणून ठेवल्या होत्या. तुझ्या अर्जाच्या नंबराखाली मी पेन्सिलीनं रेघा मारल्यात. सोमवारी सकाळी सव्वादहापासून गुरुवारी पाचपर्यंत तू एकोणीस वेळा प्रयत्न केलास, आणि एकोणिसाव्या वेळेपर्यंत प्रत्येक ओळीपुढं एकच कारण आहे, उघड्या फाइली फार झाल्या. संस्थेलाही मी काल सहीनिशी खरं काय ते कळवलं. त्यातून काही निघणार नाही, ती तुकडी यंदा शिकून बाहेर पडली. हे कागद बाबांना दाखव किंवा चुलीत घाल. माझ्याशी बोलू नकोस, तेही मला समजेल. फक्त ते वाक्य पुन्हा तोंडातून काढू नकोस, पोरासमोर तर नाहीच. तुला उशीर झाला नव्हता.

तुझाच, अजून म्हणू दिलंस तर,
दयानंद मामा