सत्य जावई ठरले, त्याची हकीकत

॥ श्री वैजनाथ प्रसन्न ॥

परळी वैजनाथ
श्रावण, सोमवारची दुपार

चि. रुद्राणीस,

महानंदा आत्याचा तुझ्या डोक्यावरून हात आणि गालावरून बोटं. पुण्याच्या पाण्यानं केस गळतात म्हणाली होतीस, थांबले का? लॅबमध्ये दिवसभर लोकांचं रक्त तपासतेस, कधी स्वतःचंही तपासत जा. इकडे आम्ही ठीक. आमचे हे दुकानात पेपर वाचतात आणि गिऱ्हाईक आलं की त्यांना राग येतो. वाळवणावर वीज केंद्राची राख याही उन्हाळ्यात पडलीच (यंदा कुरडया साडीनं झाकल्या, तरी करड्याच झाल्या. तळल्यावर काही कळत नाही).

तुझ्यावर काढलेला सिनेमा सत्यनी मोबाईलवर पाठवला, तो पाहिला. तूही पाहिला असशील. त्यात एके जागी तुझे अप्पा तोंड हलवतात आणि ऐकू येते ती माझ्या कुकरची शिट्टी. खाली जी अक्षरं येतात, तिथंही नुसती टिंबं. तिथं काय झालं ते तुला कळावं म्हणून हे पत्र. फोनवर सांगायला गेले की मला हुंदका येतो आणि तू म्हणतेस, आत्या, रेंज नाही का.

तर सत्य आले त्या दिवशीचं सांगते. मूळचे गेवराईचे, त्यामुळं ऊन सोसलेले, स्टँडवरून पाठीवर कॅमेरा टाकून चालत आले. केस बारीक, कानात डूल, अंगात सदरा. दारातच मी विचारलं, तुला बाळा म्हणू का बाई? हसून म्हणाले, "दोन्ही नको, आत्या. मी मुलगा नाही, मुलगीही नाही. नुसतं सत्य म्हणा." आता नाव घेणं सोपं गं, पण नावापुढं काहीतरी बोलावं लागतंच की! आला म्हणावं का आली? (तुझ्या वेळी 'आला'चं 'आली' करताना माझी जीभ किती अडखळली, तुला ठाऊक आहे. पण तिथं निदान जायचं कुठं ते माहीत होतं.) आमचे हे म्हणाले, 'आलं' म्हण. मी म्हटलं, मांजर आहे का? मग मलाच सुचलं, सरळ अहो-जाहो करावं. ते आले, ते बसले, ते जेवले. त्यात बाई का बाप्या कुणाला कळत नाही. सत्यही खूश झाले.

पण झालं काय, आपल्या गल्लीत असल्या तरण्या माणसाला घरात अहो-जाहो म्हणजे तो जावईच. भिंतीपलीकडच्या साखराबाईनं ऐकलं, "त्यांना पाट द्या, त्यांना तूप वाढा," आणि आमच्या घरात तर पोरगी नाही. म्हणजे जावई कुणाचा? तुझ्या अप्पांचाच! घटकाभरात ती टॉवेल-टोपी घेऊन हजर! मी सगळं समजावून सांगितलं. तिनं नीट ऐकलं आणि म्हणाली, "ते ठीक हाय, पर आणलेलं परत कसं नेऊ?" सत्यनी मुकाट्यानं टोपी घातली. (सिनेमात ते एकदा आरशात दिसतात, तेव्हा डोक्यावर टोपी का, असं तुला वाटलं असेल. ती साखराबाईची.)

तोवर बातमी मोंढ्याच्या बाजारापर्यंत गेली होती. तुझे अप्पा तिथं त्यांच्या दुकानात कापड मोजत होते, ते लोखंडी गज हातात घेऊनच आले. तुला माहीत आहे, तू गेल्यापासून माझा हा दादा तुझं नाव काढत नाही. कुणी काढलं तर उठून जातो. मला वाटलं, आता या गजानं कॅमेरा फोडतो. तर दारात उभा राहून ओरडला, "मला न इचारता लगीन कावून लावलं? बाप मेला का?"

सत्य पाटावरून उठले, टोपी काढली आणि म्हणाले, "अप्पा, मी जावई नाही. माझं सिनेमाचं काम आहे. बघायचं का?" आणि कॅमेऱ्याच्या मागच्या चिमुकल्या पडद्यावर तुला लावलं. तू पुण्यातल्या खोलीत केस विंचरत होतीस. काहीतरी शोधत होतीस, सापडेना, आणि स्वतःशीच हसलीस. दादा खाटेच्या कडेवर टेकला. चष्मा वर केला, खाली केला. पडद्याला बोट लावायला गेला आणि मागे घेतलं. समोर सत्यनी आधीच मांडून ठेवलेला दुसरा कॅमेरा चालू होता, त्याचं भान त्याला नव्हतं. मग म्हणाला,

"ती येळेवर जेवती का?"

आणि शिट्टी झाली. पण मी ऐकलं, रुद्राणी. मी जवळ होते. 'ती' म्हणाला. अडखळला नाही. मी गॅस बंद करायला उठलेच नाही, डाळ करपली, ती आम्ही तशीच खाल्ली.

मग तो उठून गेला आणि गज इथंच विसरला. दुसऱ्या दिवशी न्यायला आला, चहा घेतला, गज ठेवून गेला. तेव्हापासून जवळजवळ रोज गज न्यायला येतो. दुकानात कापड कशानं मोजतो, देव जाणे. परवा मी त्याला मोबाईलवर सिनेमा लावून दिला. तुझा केस विंचरण्याचा भाग आला की म्हणायचा, परत लाव. शेवटी म्हणाला, "आईवानी हसती," आणि मोबाईल माझ्या हातात देऊन निघून गेला. वहिनी गेल्यापासून मी त्याच्या तोंडून तिचंही नाव ऐकलं नव्हतं.

सत्यना आशीर्वाद सांग. पुढच्या वेळी टोपी आणायची गरज नाही, साखराबाई नवी देणार आहे.

तुझी,
महानंदा आत्या

ता. क. दादानं 'ये' म्हटलेलं नाही. तसं मी लिहिलंय असं तुला वाटलं तर चूक माझी. तो म्हणेल का, मला माहीत नाही. वाट बघायला मला मात्र आता जमत नाही.

आणखी एक. म्हणून मीच म्हणते, ये. पण मागच्यासारखी रिक्षाचा पडदा सोडून मागच्या बोळातून नको. दिवसाउजेडी गाडीनं ये, मी स्टेशनवर येते. बाजारातून दोघी चालत येऊ. कुणी विचारलं तर सांगेन, भाची आलीय. नाही विचारलं तरी सांगेन.