हातोडा आफ्राला, सुरी यॉर्गला

मी आपोलोनिया, ऑग्सबुर्गच्या तांबट लीनहार्टची विधवा. पाय सुजलेत, पण डोकं ठिकाणावर आहे. कोणाच्याही दडपणाविना, स्वखुशीने हे मृत्युपत्र करून ठेवते.

घर मुलगा यॉर्ग व मुलगी आफ्रा यांचे समाईक. मध्ये भिंत घालील त्याचा हिस्सा दुसऱ्याला जावा.

यजमान लूथरपंथी, मी कॅथलिक. इथल्या रीतीप्रमाणे मुलगा बापाच्या पंथात गेला, मुलगी माझ्या. रविवारी आम्ही कोपऱ्यापर्यंत बरोबर जायचो, तिथून दोन वाटा. दुपारी सूप एकाच पातेल्यातलं. हे म्हणायचे, "अगं, धाकाने गुडघे वाकवता येतात, मन नाही." परमताच्या माणसाला छळू नये असं सांगणारं, त्यांनी बाझलहून आणलेलं पुस्तक दोघांनी मिळून जपावं. निदान धूळ तरी झटकावी.

मग पोपने नवं पंचांग काढलं, लूथरपंथी जुन्यालाच चिकटले, नि घरात नाताळ दोनदा आला. आफ्राच्या नाताळाला यॉर्ग पहाटेपासून हंडा ठोकत बसला. "माझ्याकडे आज साधा वार आहे!" त्याचा नाताळ दहा दिवसांनी, तेव्हा हिने अंगणात डुक्कर कापलं. "माझा सण कधीच झाला, दादा!" तेव्हापासून अबोला. माझा जीव तुटतो. मेल्यांनो, देव काय पंचांग बघून ऐकतो?

सबब बापाचा हातोडा आफ्राला, आणि डुक्कर कापायची सुरी यॉर्गला देते. रोज सकाळी एकमेकांकडून मागून न्यावं. ज्याचा सण, त्याने त्या दिवशी अवजार देऊ नये. दुसऱ्याने कुरकुर करू नये.

शेजारीण सबीना मला 'पाखंड्याची बायको' म्हणाली, म्हणून तिला काही नाही. बरं, लोकरी शाल द्या. म्हातारी कुडकुडते.

थडग्यावर दोन्ही पंचांगांची तारीख कोरावी. जागा कमी पडली तर माझं नाव बारीक करावं.

वरील मजकूर दोघांना वाचून दाखवला. यॉर्ग उखडला, "म्हणजे रोज हिच्यापुढे हात पसरू?" पण उठला, हातोडा आणून बहिणीच्या पुढ्यात आदळला. तिने तो ओच्यात घेतला. नाताळानंतर प्रथमच ती त्याच्याशी बोलली, "तुझा ईस्टर कधी रे, दादा? त्या दिवशी सुरी मागणार नाही."

साक्षीदार: मेल्खिओर, विणकर, कॅथलिक.
टोबियास, कासार, लूथरपंथी.
निशाणी: आपोलोनिया.
ऑग्सबुर्ग. आफ्राच्या पंचांगाने १२ मार्च १५८४, यॉर्गच्या पंचांगाने २ मार्च.